जकातीचा हिशेब होतो, गुर्द्याचा कधी?

रमजान लागला की आमच्या घरी दोन कागद हमखास बाहेर येतात. एक सहेरी आणि इफ्तारच्या वेळांचे टाइमटेबल. ते मशिदीतून किंवा किराणा दुकानातून मिळते आणि फ्रीजच्या शेजारी चिकटवले जाते. दुसरा जकातीच्या हिशेबाचा. घरातले सोने, बँकेतली शिल्लक, कुणाला दिलेली उसनवारी, दुकानातला माल हे सगळे मांडायचे. एका ठरावीक मर्यादेच्या वरची संपत्ती वर्षभर टिकली असेल तर तिच्यातून अडीच टक्के गरजूंसाठी काढायचे. जकात रमजानमध्येच द्यावी अशी सक्ती नाही, पण बहुतेक घरांत हा हिशेब याच महिन्यात होतो. वर्षातून एकदा, नेमका आणि आठवण न करता.

आमचे मामू या हिशेबात फार चोख. ते शिंपीकाम करतात. गिऱ्हाइकाकडे अडकलेली शिलाईसुद्धा ते वहीतून काढून धरतात. याच मामूंनी आठ वर्षांपूर्वी रक्तदाबाची गोळी लिहून आणली आणि ती ‘डोके दुखेल तेव्हा’ घेत राहिले. किडनीची तपासणी एकदाही केली नव्हती. कुणी सांगितलीही नव्हती, हेही खरे.

ज्यांच्या घरात शिंपी आहे त्यांना ठाऊक असेल, ईदच्या आधीचा महिना म्हणजे शिंप्याचा हंगाम. दिवसभर रोजा, संध्याकाळी इफ्तार, रात्री तरावीहची नमाज आणि त्यानंतर सहेरीपर्यंत मशीन. पाठ आणि मान धरली की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी. मागच्या रमजानमध्ये मामू रोज सहेरीला एक आणि इफ्तारनंतर एक अशा गोळ्या घेत होते. तीसच्या तीस कपड्यांचे गठ्ठे वेळेवर गेले, रोजे पूर्ण झाले. ईदनंतर चौथ्या दिवशी पाय सुजले, जेवणाचा वास नकोसा झाला आणि झोपले की दम लागू लागला. रुग्णालयात रक्तातले क्रिएटिनिन 8.4 निघाले. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

मोहल्ल्यात दोन मते लगेच तयार झाली. काही म्हणाले, रोज्यांनी किडनी गेली. काही म्हणाले, रोज्याने कधी कुणाचे नुकसान होत नाही, नशीब म्हणायचे. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवला. दोन्ही मूत्रपिंडे आकसून लहान झाली होती. असे आकसणे महिन्याभरात होत नाही, त्यामागे वर्षे असतात. रक्तदाबाने ती आतल्या आत झिजवली होती. पाण्याविना गेलेले दिवस आणि गोळ्या यांनी शेवटचा धक्का दिला असेल, एवढेच. म्हणजे दोन्ही मते चुकली. प्रश्न रोजा ठेवला की नाही हा नव्हताच. प्रश्न होता तो ठेवताना मामूंना स्वतःच्या शरीराची अवस्था माहीत होती का, हा.

उर्दूत किडनीला गुर्दा म्हणतात. ‘दिल-गुर्दा’ म्हणजे हिंमत, धाडस. अवघड काम असले की ते दिल-गुर्द्याचे काम. मराठीत ‘मूत्रपिंड’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात राहिला आणि बोलण्यात किडनीच आली. दिल आणि गुर्दा एका शब्दात जोडणाऱ्या भाषेचे मला कौतुक वाटते, पण व्यवहारात आपण दिलाचीच काळजी करतो. छातीत जरा कळ आली की ईसीजी काढतो. गुर्दा मात्र कळ देत नाही, तिथेच सगळी अडचण आहे.

मूठभर आकाराची ही दोन पिंडे कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला असतात. प्रत्येकात साधारण 10 लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या जास्त काम ओढतात आणि तक्रार करत नाहीत. त्यामुळे निम्म्याहून अधिक ताकद गेली तरी माणूस चालतो, जेवतो, मशीन चालवतो. ‘पेशाब तो साफ होता है ना!’ असे मामू म्हणायचे. लघवी होत राहते. डायलिसिसवर गेलेल्या अनेकांनाही काही काळ लघवी होत असते. लघवी किती होते आणि तिच्यातून काय बाहेर जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुन्या हकीमांना हे एका अर्थाने कळत होते. युनानी पद्धतीत नाडीबरोबर काचेच्या भांड्यातली लघवीही पाहिली जायची, तिला क़ारूरा म्हणतात. रंग, गढूळपणा, फेस यांवरून अंदाज बांधायचा. उर्दूत आजही दोघांचे चांगले जमत असेल तर त्यांचा ‘क़ारूरा मिलता है’ असे म्हणतात. वर्गात हा वाक्प्रचार सांगितला की मुले हसतात आणि अर्थ सांगितला की तोंड वाकडे करतात. पुढे लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. प्रथिने गळत होती. त्याने ही निरीक्षणे 1827 मध्ये प्रसिद्ध केली आणि मूत्रपिंडाच्या विकाराला कितीतरी वर्षे ब्राइटचा आजार असेच नाव राहिले. आज तीच गोष्ट प्रयोगशाळेत फार सूक्ष्म प्रमाणात मोजता येते. चमचा लागत नाही, मेणबत्तीही लागत नाही. फक्त डबी भरून द्यावी लागते आणि नेमका त्याचाच लोकांना संकोच.

तपासण्या मुळात दोनच आहेत. एक रक्ताची, एक लघवीची. रक्तात क्रिएटिनिन पाहतात. स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंड नीट असेल तर बाहेर टाकला जातो. पण नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर विसंबण्यात फसगत आहे आणि ती आमच्याच घरात झाली.

मामूंच्या आजारपणानंतर आम्ही अम्मीची तपासणी केली. अम्मी 67 वर्षांच्या आहेत. मधुमेह 14 वर्षांचा, आता इन्सुलिनवर. क्रिएटिनिन आले 1.2. कागदावर शेजारी छापले होते, 0.6 ते 1.2. आकडा ठळक केलेला नव्हता, खाली रेघही नव्हती. धाकट्या भावाने फोनवर ‘नॉर्मल आहे’ सांगून टाकले आणि सगळ्यांनी शुक्र अल्लाहचा म्हटले. डॉक्टरांनी मात्र वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून गाळण्याचा वेग काढायला लावला. त्याला ईजीएफआर म्हणतात. 25 वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन 1.2 असेल तर हा वेग 85च्या आसपास निघतो. अम्मीचा निघाला 50. आकडा तोच, पण वय वाढले की स्नायू कमी होतात, टाकाऊ पदार्थच कमी तयार होतो, म्हणून तेवढेच क्रिएटिनिन वृद्ध बाईच्या रक्तात दिसणे म्हणजे गाळणी मंदावल्याचे लक्षण. 90च्या वर वेग असेल आणि लघवीत दोष नसेल तर काळजी नाही. 60च्या खाली तो तीन महिने टिकून राहिला तर दीर्घकालीन आजार धरतात. 15च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची भाषा सुरू होते.

लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. ते 30च्या खाली असावे. अम्मीचे 410 होते. लघवीला फेस येतो हे त्या वर्षभर पाहत होत्या, नंतर कळले. ‘ये भी कोई बताने की बात है?’ असे त्यांचे म्हणणे. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केली, आकडे जवळपास तेच आले. मग औषधे बदलली, मिठावर बंधन आले आणि रमजानच्या दीड महिना आधी डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की यंदा रोजे नकोत.

खरी कसोटी इथून सुरू झाली.

अम्मींचा पहिला रोजा सातव्या वर्षी झाला. रोजा-कुशाईला, म्हणजे लहान मुलाच्या पहिल्या रोज्याच्या समारंभाला, त्यांच्या अब्बांनी शिवून घेतलेला हिरवा शरारा त्या अजून आठवतात. त्यानंतर साठ वर्षे. बाळंतपणात सुटलेले रोजेही त्यांनी मोजून नंतर भरून काढले. अशा बाईला मुलाने कागद दाखवून ‘ठेवू नका’ म्हणायचे. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘तुम्हारे डॉक्टर को क्या मालूम, रोजे में कितना सुकून होता है.’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. डॉक्टरांच्या यंत्रात सुकून मोजला जात नाही आणि माझ्याकडेही उत्तर नव्हते.

उत्तर आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी दिले. कुरआनमध्ये सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत जिथे रोज्याचा हुकूम आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलतही आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत. भरून काढण्याची ताकदच राहिली नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, याला फिदिया म्हणतात. इमामसाहेबांनी अम्मींना विचारले, हुकूम ज्याचा आहे, सवलतही त्याचीच आहे, मग एक घ्यायची आणि दुसरी परत करायची, असे का? आणि आजार किती आहे, हे ठरवायला जाणकार, भरवशाच्या वैद्याचे मत घ्यावे, असे जुन्या फिकहच्या ग्रंथांपासून सांगत आले आहेत. अम्मी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पत्नीला विचारले की फिदियाचे धान्य कुणाकडे पोचवायचे.

तेव्हापासून एक विचार माझ्या डोक्यात घोळतो आहे. सवलत आजारी माणसाला आहे. पण आपण आजारी आहोत हे ज्याला ठाऊकच नाही, तो ही सवलत घेणार कशी? ताप आला, उलटी झाली की शरीर स्वतःच सांगते. गुर्दा सांगत नाही. म्हणजे या आजारात सवलतीपर्यंत पोचण्याचा रस्ताच प्रयोगशाळेतून जातो. मामूंना ती सवलत होती. त्यांना ती मिळाली नाही, कारण दोनशे-अडीचशे रुपयांची तपासणी कुणी केली नाही. मामू स्वतः म्हणाले, ‘मालूम होता तो मैं खुद छोड़ देता. जिद थोड़ी थी मेरी.’

याचा अर्थ सगळ्यांनी घाबरून रोजे सोडावेत असा मुळीच नाही आणि या लेखाचा तसा कुणी उपयोग केला तर मला वाईट वाटेल. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाला रमजानच्या रोज्यांनी इजा होत नाही, हे अभ्यासांतून पुरेसे दिसले आहे. शरीर लघवी दाट करून पाणी वाचवते, इफ्तारनंतर तूट भरून निघते. सुरुवातीच्या टप्प्यातला आजार असलेले काही जण डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजे ठेवतातही. पण मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी, घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनी, वारंवार खडे होणाऱ्यांनी आणि महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांनी वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या करायलाच हव्यात. प्रौढ वयातला मधुमेह कळला की पहिल्याच दिवशी करायच्या, कारण तो कळण्याआधी किती वर्षे अंगात होता हे कुणालाच ठाऊक नसते. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. हल्ली चाळीस-पन्नास तपासण्यांची ‘फुल बॉडी’ पॅकेजे घरोघरी विकली जातात. त्यांत अनेकदा जीवनसत्त्वे आणि थायरॉइड असते, पण लघवीतल्या अल्ब्युमिनचा पत्ता नसतो. पैसे भरण्याआधी ती यादी वाचावी.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ही सवय आपल्या गावात घराघरांत आहे. शरीरात पाणी कमी झाले की मूत्रपिंड स्वतःकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून आपला रक्तपुरवठा सांभाळते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकी तीच सोय बंद करतात. पाणी प्यायलेल्या निरोगी तरुणाला एखादी गोळी पचते. तेरा तासांचा रोजा, रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे आणि वरून ही गोळी, हे तीन एकत्र आले की मूत्रपिंड अडचणीत येते. मेडिकलवाल्याला ‘पाठीची गोळी द्या’ म्हणून मागताना हे कुणी सांगत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणाऱ्या, घटकांचे नाव नसलेल्या पुड्यांचेही तेच. वैद्याची असो की हकीमाची, पुडीत काय आहे हे लिहिलेले नसेल तर घेऊ नये. काही पुड्यांत जड धातू सापडलेले आहेत.

डॉक्टर आणि मुसलमान रुग्ण यांच्यात रमजानबद्दल नीट बोलणेच होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. 2001 मध्ये 13 देशांत 12 हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेही रुग्णांचा एपिडायर नावाचा अभ्यास झाला. प्रौढ वयातल्या मधुमेहाचे जवळजवळ 79 टक्के रुग्ण रमजानमध्ये किमान 15 दिवस रोजे ठेवत होते. इन्सुलिनवरच जगणाऱ्या पहिल्या प्रकारच्या रुग्णांतही हे प्रमाण 43 टक्के होते. म्हणजे डॉक्टरांनी नुसते ‘उपवास करू नका’ म्हणून वही बंद केली तर रुग्ण घरी जाऊन रोजा ठेवतोच आणि गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलतो. दुपारची गोळी सोडून देतो, लघवीची गोळी सहेरीला घेतो आणि दिवसभर कोरडा पडतो. काही डॉक्टर आता रमजानच्या आधी स्वतःहून विचारतात, तपासण्या करून घेतात, गोळ्यांच्या वेळा लिहून देतात. अशा डॉक्टरांचे ऐकले जाते. पण दोष एकतर्फी नाही. आपणही डॉक्टरांना विचारतो ते रमजान चार दिवसांवर आल्यावर, तेही ‘ठेवू ना?’ एवढेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रमजानच्या आधीचा महिना शाबान. त्याच्या पंधराव्या रात्री शब-ए-बारात येते, लोक कब्रस्तानात जातात, गेलेल्यांसाठी दुआ करतात. तिथून रमजानला दोन आठवडे उरतात. शब-ए-बारातीच्या आधीचा आठवडा घरातल्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या माणसांच्या तपासणीसाठी ठरवून टाकावा. तारीख लक्षात ठेवावी लागणार नाही. अहवाल आल्यावर डॉक्टरांशी बोलायला आणि औषधे बसवायला वेळही मिळेल. यंदा ज्यांची संधी हुकली, त्यांनी रमजान संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तपासणीसाठी रक्ताचा नमुना दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. फक्त संध्याकाळी, दिवसभर कोरडे राहिल्यावर रक्त देऊ नये आणि आदल्या रात्री निहारी किंवा कबाबांवर ताव मारलेला नसावा. दोन्हींमुळे क्रिएटिनिन थोडे वर दिसू शकते. सकाळी, सहेरीला व्यवस्थित पाणी पिऊन जावे. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असेल तर अल्ब्युमिनचा आकडा फसवतो, तेव्हा थांबावे. एका अहवालाने काही ठरत नाही, हेही लक्षात असू द्यावे. अम्मींच्या बाबतीत तीन महिने थांबलो, ते उगीच नाही.

बाईमाणसाचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी लागतो. आमच्या घरात अब्बांची साखर दर महिन्याला तपासली जायची, अम्मी सोबत जायच्या आणि पिशवी धरून बाकावर बसायच्या. चौदा वर्षे मधुमेह असून त्यांची लघवी पहिल्यांदा तपासली गेली ती भाऊ आजारी पडल्यावर. मी दोन भाषांतली पुस्तके वाचणारा माणूस, घरातला हा प्रकार मला दिसला नाही, याची मला लाज वाटते.

समोरच्या काकूंना हे सगळे आमच्या स्वयंपाकघरात बसून कळले. अम्मी आणि त्या तीस वर्षांच्या शेजारणी. काकू हरतालिकेला पाण्याचा थेंब घेत नाहीत, निर्जला एकादशीही करतात आणि त्यांनाही रक्तदाब आहे. त्या म्हणाल्या, ‘मग माझंही बघून घेते बाई, आमच्या देवानं तरी कुठं मला वेगळ्या किडन्या दिल्यात.’ त्यांचा अहवाल चांगला आला. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी एक दिवसही न चुकवण्याची ताकीद दिली. हरतालिकेचे काय, ते त्या भाद्रपदात बघतील. नवरात्र असो, पर्युषण असो की श्रावणी सोमवार, आपल्या गावात वर्षभर कुणी ना कुणी उपाशी असते. प्रत्येक घराने आपल्या उपवासाच्या आधीचा एक आठवडा शोधावा.

मशिदीच्या कमिट्यांना आणि गणेश मंडळांनाही एक विनंती. आरोग्य शिबिरे होतात, फोटो येतात, पण तिथे बोटाला टोचून साखर आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, एवढ्यावर काम भागते. क्रिएटिनिन आणि लघवी राहून जाते, कारण डब्या द्यायच्या, गोळा करायच्या, हे कुणाला नको असते. एका सार्वजनिक इफ्तारच्या खर्चात मोहल्ल्यातल्या सगळ्या मधुमेहींची तपासणी निघेल. इफ्तार बंद करा असे मी म्हणत नाही. भजी आणि समोशांचे दोन प्रकार कमी केले तरी चालेल. त्यातले मीठ असेही कुणाच्या गुर्द्याला नको आहे.

डायलिसिसचा खर्च आता बराचसा सुटतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो आणि 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी सोय झाली आहे. पण योजनेने वेळ परत मिळत नाही. मामूंचे मंगळवार आणि शुक्रवार गेले. प्रत्येक वेळी चार तास मशीनवर, त्याआधी बस, त्यानंतर अंगातली शक्ती गेलेली. डाव्या हातात सुईसाठी शस्त्रक्रियेने नस तयार केली आहे, त्या हाताने वजन उचलायचे नाही, कापडाचा तागा ओढायचा नाही. यंदा हंगामात दुकान मुलगा चालवतो. मामू गल्ल्यावर बसून मापे लिहून घेतात. पाणीही त्यांना मोजून प्यावे लागते. इफ्तारला सगळ्यांसमोर सरबताचे ग्लास येतात तेव्हा ते अर्धा कप घेतात. खजूरही एकच, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि त्यांच्या शरीरातून ते आता नीट बाहेर पडत नाही.

मार्चचा दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. यंदा तो रमजानमध्येच आला आहे. आमच्या घरी त्या दिवशी वेगळे काही होणार नाही.

अम्मी अजूनही सहेरीला सगळ्यांच्या आधी उठतात. पराठे लाटतात, नातवंडांना हलवून उठवतात, ‘पानी पी लो, वक्त जा रहा है’ म्हणून ओरडतात. फज्रची नमाज पढून थोड्या आडव्या होतात. आठ वाजता खोलीचे दार लोटून इन्सुलिन घेतात आणि भाकरीचा तुकडा खातात. मुलांनी पाहू नये म्हणून दार लोटतात की सवयीने, मी विचारलेले नाही. फ्रीजच्या शेजारच्या टाइमटेबलवर ईदच्या पुढच्या जागेत त्यांनी पेनाने एक तारीख लिहिली आहे. त्या दिवशी पुन्हा रक्त आणि लघवी द्यायची आहे. खाली मामूंचेही नाव लिहिले होते, मग खोडले. त्यांची तपासणी आता दर महिन्याला होते.